चाचणीत मासे जगले, मग ओढ्यात का मेले?

निपाणी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलं आहे: मे महिन्यात आमच्या ओढ्यात सकाळी सकाळी मासे पोटं वर करून तरंगताना दिसले. वरच्या अंगाला सांडपाणी मिसळतं. आम्ही बाटलीत पाणी भरून एका प्रयोगशाळेत दिलं. आठवड्याभराने अहवाल आला की माशांवरची चाचणी उत्तीर्ण, 96 तासांनंतर सगळे मासे जिवंत. मग आमचे मासे कशाने मेले? आणि कोणता जलचर कुठल्या विषाला किती नाजूक आहे हे मुळात मोजतात तरी कसं?

बेळगाव परिसरात पाण्याची तपासणी करण्यात माझी वीस वर्षांहून जास्त गेली, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी घेऊन येतं. तो नीट सोडवायचा तर थोडं मुळापासून सांगावं लागेल.

तुमच्या हातातला अहवाल खोटा असेलच असं नाही. त्याने दिलेलं उत्तर एका फार छोट्या प्रश्नाचं आहे. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मध्ये सांडपाणी सोडण्याची जी सर्वसाधारण मानकं आहेत, त्यात जैवचाचणीची अट अशी आहे: 100 टक्के सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जगले पाहिजेत. म्हणजे दहातले नऊ जगले की पास. यातून एवढंच कळतं की त्या एका जातीचे, त्या आकाराचे, खाऊनपिऊन धडधाकट मासे, हवा सोडलेल्या टाकीत चार दिवस तग धरून राहिले. ओढ्यातल्या झिंग्याचं, शिंपल्याचं, दगडाखालच्या अळ्यांचं काय झालं असतं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि बाटली भरली तेव्हाचं पाणी नि प्रयोगशाळेत उघडलं तेव्हाचं पाणी एकच होतं का, याबद्दलही नाही.

तुमच्या माशांचं आधी बोलू. वर्णनावरून माझा पहिला संशय दोन गोष्टींवर जातो, प्राणवायू आणि अमोनिया. मे महिन्यात आपल्याकडच्या ओढ्यांना स्वतःचं पाणीच नसतं. जे वाहतं ते गावचं सांडपाणी, नाहीतर मळीमिश्रित पाणी. अशा पाण्यावर हिरवं शेवाळ माजतं. दुपारी ऊन चढलं की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढत चढत 9 पर्यंत जातो. रात्री उलटं होतं. तेच शेवाळ आणि कुजणारा गाळ मिळून प्राणवायू संपवतात. 30 अंश तापमानाच्या पाण्यात भरून भरून लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तो पहाटेपर्यंत शून्याजवळ येऊ शकतो.

अमोनियाचं गणित तर ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि माशाच्या कल्ल्यातून सहज आत शिरतं ते मुक्त अमोनियाचं रूप. 25 अंशांना, सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. सामू 8 झाला की सव्वापाच टक्क्यांच्या वर, आणि 9 झाला की 36 टक्के. म्हणजे लिटरमागे 10 मिलिग्रॅम अमोनिया सकाळी निरुपद्रवी वाटतो आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीन मिलिग्रॅम मुक्त अमोनिया होऊन बसतो. माशांना चार दिवसांत मारायला जातीनुसार एक दशांश मिलिग्रॅमपासून चार-साडेचार मिलिग्रॅमपर्यंत मुक्त अमोनिया लागतो. दुपारी अमोनियाने कल्ले भाजलेले मासे पहाटे प्राणवायू संपल्यावर कसे टिकतील?

आता तुमची बाटली घ्या. ती अंधारात राहिली, आतला सामू उतरला. प्रयोगशाळेत टाकीत हवा सोडली, कारण पद्धतीतच लिहिलंय की प्राणवायू संपृक्ततेच्या 60 टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही. ही अट योग्यच आहे, नाहीतर विषाने मेला की गुदमरून मेला हे कळणार नाही. पण मासे मारणाऱ्या दोन्ही गोष्टी चाचणी सुरू व्हायच्या आधीच बाटलीतून आणि टाकीतून निघून गेल्या होत्या. म्हणून मासे जगले.

आता मोजण्याकडे येतो. एखाद्या जातीची संवेदनशीलता म्हणजे ठरलेल्या वेळात तिच्यातल्या निम्म्यांना मारणारी तीव्रता. तिला एलसी-50 म्हणतात. आकडा जेवढा लहान, तेवढा जीव नाजूक. निम्मेच का? सगळे मरायला लागणारी तीव्रता कळपातला सर्वांत चिवट एक जीव ठरवतो, आणि पहिला मृत्यू कधी होईल हे सर्वांत अशक्त जीव ठरवतो. दोन्ही टोकं हलती असतात. मधला आकडा पुन्हा पुन्हा चाचणी केली तरी साधारण तिथेच येतो.

प्रत्यक्षात असं करतात. सांडपाणी स्वच्छ पाण्याने पातळ करून उतरती मालिका बनवतात: 100 टक्के, 50, 25, साडेबारा. सोबत निव्वळ स्वच्छ पाण्याची एक टाकी, तिला नियंत्रण म्हणतात. समजा प्रत्येक टाकीत 20 जीव आहेत. साडेबारात कुणीच मेलं नाही, पंचवीसमध्ये 4 मेले, पन्नासमध्ये 14, शंभरात सगळे. तीव्रतेचं लॉग घेऊन मध्यबिंदूंचं वजनी सरासरी गणित केलं की 38 टक्के हा आकडा येतो. हाच त्या सांडपाण्याचा, त्या जातीसाठीचा एलसी-50. अर्थ असा की हे पाणी 38 टक्क्यांपर्यंत पातळ केलं तरी निम्मे मरतात. हा आकडा हातात असला की नदीत किती पाणी असताना काय होईल याचा अंदाज बांधता येतो. नुसत्या उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण या शेऱ्यातून काहीच बांधता येत नाही.

नियंत्रण टाकीत 10 टक्क्यांपेक्षा जास्त जीव मेले तर सगळी चाचणी रद्द. हे कडक पाळावं लागतं. आमच्याकडे नवीन मुलं आली की पहिली चूक हमखास इथेच होते. नळाचं पाणी थेट वापरतात आणि त्यातला क्लोरीन नियंत्रणातल्या जीवांना मारतो. पाणी एक-दोन दिवस हवा सोडून ठेवायचं, क्लोरीन गेल्याची खात्री करायची, मग त्यात जीव सोडायचे.

पाणपिसू, म्हणजे डाफ्निया आणि तिची भावंडं, यांच्यावरची चाचणी 48 तासांची. 24 तासांच्या आतलीच पिल्लं घ्यायची, एका ग्लासात 5 याप्रमाणे चार ग्लासांत 20. हा जीव इतका बारीक की मेला की नाही हे सांगणं अवघड, म्हणून ग्लास हळूच हलवून 15 सेकंदांत जो पोहत नाही तो निकामी धरायचा. आपला कळप ठीक आहे का हे तपासायला मधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेटवर चाचणी लावतात. डाफ्निया मॅग्ना या जातीसाठी 24 तासांचा आकडा लिटरमागे 0.6 ते 2.1 मिलिग्रॅम यामध्ये यायला हवा. बाहेर गेला की कळप बिघडला, तोपर्यंतचे निकाल बाजूला ठेवायचे. फक्त ही जात थंड मुलखातली, तिला 20 अंशांच्या आसपास पाणी लागतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये तिच्यासाठी खोली सतत गार ठेवावी लागते. मला स्वतःला मोईना किंवा सेरिओडाफ्निया ही आपल्याच तळ्यांतली, उन्हाला सरावलेली पिसू जास्त उपयोगी वाटते. बेळगावच्या भातखाचरांत पहिल्या पावसानंतर ती जाळीने सहज मिळते.

खरा घोळ होतो तो जात निवडताना. सुरुवातीच्या काळात आम्ही चाचणीला गप्पी मासे वापरायचो, कारण ते फुकट मिळत. डास मारायला सोडलेले असतात, कुठल्याही गटारात दिसतात. एका मुलामा देणाऱ्या कारखान्याचं पाणी आलं, त्यात तांबं आणि जस्त होतं. गप्पी चारही दिवस मजेत फिरत राहिले. मी अहवालावर सही केली. नंतर सहज म्हणून तेच उरलेलं पाणी पाणपिसूंना लावलं, तर अगदी पातळ केलेल्या ग्लासातसुद्धा दुसऱ्या दिवशी एकही हलत नव्हती. जो मासा गटारात पिढ्यान्‌पिढ्या वाढला त्यालाच मी पाण्याची परीक्षा घ्यायला बसवलं होतं. तो कशाला नापास करेल? त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं, आणि तेव्हापासून एका जातीवर काढलेला निष्कर्ष मी लिहून देत नाही.

आकडेच बघा. हलक्या, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात लिटरमागे शंभराहूनही कमी मायक्रोग्रॅम तांबं पाणपिसूला मारायला पुरतं. नदीत सोडायच्या सांडपाण्यात तांब्याची मर्यादा आहे 3 मिलिग्रॅम, म्हणजे 3000 मायक्रोग्रॅम. ही मर्यादा धरताना नदी ते पातळ करील असं गृहीत आहे. पावसाळ्यात कृष्णा करते. मे महिन्यातला ओढा करत नाही.

निपाणीच्या माणसाला पुढचं उदाहरण लगेच पटेल. तंबाखूचा काढा किडीवर मारतात हे आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक आहे. निकोटीन किड्याच्या मज्जातंतूंतल्या एका ठरावीक जागी जाऊन बसतं. इमिडाक्लोप्रिड हे औषध त्याच जागेसाठी घडवलेलं आहे, आणि भाजीपाल्यापासून बियाण्याच्या लेपापर्यंत सगळीकडे वापरलं जातं. बहुतेक माशांना मारायला ते लिटरमागे शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या घरात लागतं. डाफ्निया मॅग्नाचा 48 तासांचा आकडा 85 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन्ही जीवांच्या चाचण्यांत हे औषध जवळजवळ निरुपद्रवी ठरतं. पण पावसाच्या तोंडावर संध्याकाळी दिव्याभोवती झुंडीने येणारा, लांब शेपटीचा, एका दिवसाच्या आयुष्याचा नाजूक कीटक असतो ना, मेफ्लाय, त्याच्या पाण्यातल्या अळ्यांना लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आसपासचं प्रमाण चार दिवसांत पांगळं करतं. फरक दहा हजार पटींहून जास्त. अळी ताबडतोब मरत नाही. चरायचं थांबवते, दगडाची पकड सुटते, प्रवाहाबरोबर वाहत जाते. आणि ज्या माशाची चाचणी उत्तीर्ण झाली त्याचं खाणं याच अळ्या. मासा विषाने मरत नाही, उपाशी राहतो.

उसातल्या तणनाशकाचं याच्या उलट आहे. अ‍ॅट्राझिन माशांना मिलिग्रॅममध्ये त्रास देतं, शेवाळाला मायक्रोग्रॅममध्ये, कारण ते थेट प्रकाशसंश्लेषण अडवतं. म्हणून रसायन तपासताना तीन थरांच्या जीवांवर चाचण्या मागतात: शेवाळ 72 तास, पाणपिसू 48 तास, मासा 96 तास. कीटकनाशकाची शंका असेल तर मी चौथा जीव आवर्जून धरतो, एखादी कीटकाची अळी. गाळातल्या लाल अळ्या मिळवायला सोप्या, पण त्या मुळातच सोशिक. मेफ्लायच्या अळ्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात.

पाण्याच्या जडपणाचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात विशेष लागू पडतो. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिथलं पावसाचं, डोंगरातलं पाणी अगदी हलकं. तीच नदी सौंदत्तीकडे काळ्या रानात उतरते तेव्हा पाणी जड झालेलं असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यावरच्या जागा आधीच अडवून बसतं, त्यामुळे तांबं, जस्त, कॅडमियम यांना शिरकाव कमी मिळतो. तोच मासा, तेवढंच तांबं, पण खानापूरच्या पाण्यात एलसी-50 सौंदत्तीच्या पाण्यातल्यापेक्षा कित्येक पटींनी कमी येऊ शकतो. बोअरच्या जड पाण्याने पातळ करून केलेली चाचणी घाटातल्या ओढ्याला लावली तर निकाल फसवा येणार. अहवालात जडपणा, सामू आणि तापमान लिहिलेलं नसेल तर धातूंबद्दलचा आकडा मी विचारातच घेत नाही.

आता अनेक जातींचे आकडे एकत्र कसे वाचायचे? यासाठी प्रजातींच्या संवेदनशीलतेचा आलेख काढतात. अमेरिकेने 1985 च्या मार्गदर्शक पद्धतीत किमान 8 वेगवेगळ्या कुळांतल्या जीवांचे आकडे मागितले, आणि 1987 मध्ये नेदरलँड्सच्या कोईमन यांनी त्यामागची सांख्यिकी मांडली. सगळ्या जातींचे एलसी-50 सर्वांत लहानापासून सर्वांत मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे, त्यांतून एस आकाराची वक्ररेषा बसवायची, आणि 100 पैकी 5 जाती ज्याखाली येतात ती तीव्रता वाचायची. तिला एचसी-5 म्हणतात. 95 टक्के जाती वाचतील अशी ती पातळी मानतात.

पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. 9 जातींचे आकडे असतील तर सर्वांत नाजूक जात आलेखावर 10 टक्क्यांच्या जागी बसते. मग 5 टक्क्यांचा बिंदू मोजलेल्या आकड्यांच्या बाहेर पडतो, तो वक्ररेषेने केलेला अंदाज असतो. तो बिंदू मोजमापाच्या आत आणायला किमान 19 जाती लागतात. दुसरं, इमिडाक्लोप्रिडसारख्या विषात कीटक एका टोकाला आणि मासे दुसऱ्या टोकाला असा दोन टेकड्यांचा आलेख होतो. त्यावर एकच रेषा बसवणं चूक. कीटकांचा आलेख वेगळाच काढावा लागतो. आणि तिसरं, जे मला सर्वांत जास्त खटकतं: सोडून दिलेल्या त्या 5 टक्क्यांत कोण आहे? आपल्या नद्यांतला शिंपला, लॅमेलिडेन्स, दिवसभर पाणी गाळत बसतो, आणि त्याची पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची पिल्लं अमोनियाला इतकी नाजूक निघाली की अमेरिकेने 2013 मध्ये आपली अमोनियाची मर्यादा बदलली. सामू 7 आणि 20 अंशांना दीर्घकाळासाठीची मर्यादा 4.5 मिलिग्रॅमवरून 1.9 वर आणली. शिंपल्यांवर चाचण्या व्हायच्या आधी तीच पहिली मर्यादा पुरेशी सुरक्षित मानली जात होती.

चार दिवसांत न मरणं म्हणजे धडधाकट असणंही नव्हे. पाणपिसूला 21 दिवस ठेवून पिल्लं किती झाली हे मोजतात, माशाची अंडी फलनापासून वाढवून बघतात. केवळ तीन तातडीच्या चाचण्यांचे आकडे असतील तर सर्वांत लहान आकड्याला युरोपात 1000 ने भागतात, तीन थरांतले दीर्घ चाचण्यांचे आकडे असतील तर 10 ने. माहिती जेवढी तोकडी, भाजक तेवढा मोठा. आपल्याकडे अहवाल वाचताना ही सवय लागली तर फार बरं होईल.

तुम्ही आता काय करावं? ओढ्यातले मासे पकडून घरी चाचणी करू नका. मासा हा पाठीचा कणा असलेला जीव आहे, त्याला विनाकारण यातना देणं योग्य नाही आणि तो आकडा कुणी मान्यही करणार नाही. प्रयोगशाळांतही आता मोठ्या माशाऐवजी झेब्राफिशच्या अंड्यांवर 96 तासांची चाचणी करता येते, तिची आंतरराष्ट्रीय पद्धत 2013 पासून ठरलेली आहे. हा पट्टेरी मासा आपल्याच उपखंडातला आहे.

त्याऐवजी सांडपाणी मिसळतं त्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात दहा-दहा दगड उलटा. वर मेफ्लायच्या तीन शेपट्यांच्या अळ्या दिसल्या आणि खाली फक्त लाल अळ्या राहिल्या, तर फोटो काढा, तारीख लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक मूल्यांकनातही असेच तळातले जीव मोजतात, तेव्हा हा गावठी पुरावा समजून कुणी टाळू शकत नाही.

पुढच्या वेळी मासे तरंगले तर दोन वेळा पाणी घ्या, सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी तीन-चारला. सामू, तापमान आणि प्राणवायू ओढ्यावर उभं राहूनच मोजा, त्यासाठीची छोटी यंत्रं जवळच्या विज्ञान महाविद्यालयात असतात, विनंती केली तर देतात. बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबतच्या पत्रात तीन गोष्टी लिहून मागा: शेवाळ, पाणपिसू आणि मासा अशा तिन्हींवर चाचणी, नुसतं उत्तीर्ण न लिहिता किती टक्के सांडपाण्याला निम्मे जीव मेले तो आकडा, आणि पातळ करायला ओढ्याच्या वरच्या अंगाचंच पाणी. त्यासाठी वरच्या अंगाचे वीस लिटर वेगळ्या कॅनमध्ये भरून द्या. कॅन नवा घ्या, औषधाचा धुतलेला चालणार नाही.